रमाबाईंची श्रद्धा आणि रमाबाईंचा हिशेब

१८९३ च्या ऑगस्टमध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि त्यांचे सहकारी पुण्याच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनात राहून शिकणाऱ्या विधवा मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जात आहे, असे ‘केसरी’ बऱ्याच दिवसांपासून लिहीत होता. आता सुधारकांनीही हात काढून घेतल्यावर पालक घाबरले आणि मुलींना घरी नेऊ लागले. संस्थेला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. ती चालवणाऱ्या पंडिता रमाबाई पस्तीस वर्षांच्या होत्या. आईवडील, भाऊ, नवरा सगळे गेलेले, कानांनी कमी ऐकू येणारे आणि पदरात बारा वर्षांची मुलगी. वादाचा मुद्दा दिसायला लहान होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन जवळ बसत. दार लावून घेतले असते तर बहुधा बरेच काही वाचले असते. त्यांनी ते लावले नाही. तरीही सदन बंद पडले नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत केडगावच्या माळावर या कामाचा इतका विस्तार झाला की तिथे दीड हजारांच्या आसपास मुली आणि बायका राहू लागल्या.

हे कसे झाले, याची दोन उत्तरे आपल्याकडे ठरलेली आहेत. ख्रिस्ती मंडळींमध्ये सांगतात की ही देवाची कृपा, बाईंचा विश्वास अढळ होता म्हणून सगळे निभावले. सुधारणेचा इतिहास लिहिणारे सांगतात की बाई मुळातच कर्तबगार होत्या, धर्मांतर ही त्यांच्या आयुष्यातली एक वेगळी, थोडी अडचणीची बाब. ती बाजूला ठेवून कामाकडे पाहावे. पहिल्या उत्तरात माणूस दिसेनासा होतो, दुसऱ्यात त्या माणसाला चालवणारी गोष्टच गळून पडते. रमाबाईंच्या आयुष्यातले एकेक वळण तपासले तर दिसते ते असे, की पाठीशी असलेला प्रत्येक आश्रयदाता त्यांनी कधी ना कधी नाराज केला आणि तरी त्या थांबल्या नाहीत. पुण्यातला ब्राह्मण समाज, इंग्लंडमधल्या धर्मभगिनी, मुंबई-पुण्याचे सुधारक, इंग्रज सरकार, सगळे या यादीत आहेत. माझे म्हणणे एवढेच की त्यांच्या श्रद्धेने त्यांना दिली ती ही नाराजी पेलण्याची ताकद. बाकीचे त्यांनी व्यवहाराने मिळवले.

ख्रिस्ती धर्मात चिकाटीची कल्पना काय आहे हे थोडक्यात पाहायला हवे, कारण ती आपल्या नेहमीच्या ‘कणखर नेता’ या चित्राशी जुळत नाही. ख्रिस्ती माणूस आपल्या कामाला पाचारण म्हणतो. काम त्याने निवडलेले नसते, देवाने त्याला त्यासाठी हाक मारलेली असते, अशी ही समजूत आहे. त्यामुळे यशापयशावरून ते काम सोडायचे की धरायचे हे ठरत नाही. मराठी वाचकाला इथे निष्काम कर्माची आठवण होईल आणि साम्य आहेही. पण एक फरक मोठा आहे. शुभवर्तमानातला पेत्र अटकेच्या रात्री येशूला ओळखत नसल्याचे तीनदा सांगतो, आणि नंतर कळप सांभाळायची जबाबदारी त्याच पेत्रावर येते. म्हणजे ज्याने कच खाल्ली त्याच्याकडेच नेतृत्व. पौलाने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांपैकी काही तुरुंगातून लिहिलेली आहेत, आणि ती ज्या मंडळ्यांना लिहिली त्या लहान, भांडखोर, चुका करणाऱ्या होत्या. या परंपरेत टिकून राहणे म्हणजे न पडणे असे नसून पडल्यावरही हाक रद्द झालेली नाही असे मानणे आहे. नेत्याच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे: लोकांनी साथ सोडली म्हणजे आपण चुकलो असे आपोआप सिद्ध होत नाही. आणि लोकांनी साथ दिली म्हणजे आपण बरोबर आहोत, असेही नाही.

अर्थात रमाबाईंचा चिवटपणा ख्रिस्ती धर्मातून आला असे म्हणणे खोटे ठरेल. तो आधीपासून होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवायचे ठरवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला तो गंगामूळच्या रानात. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले, तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. पावणेदोन वर्षांच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत, तेही पटकीने गेले. त्यानंतर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ लिहिली, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. हे सगळे बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. तेव्हा श्रद्धेने एका नेभळट बाईची वाघीण केली, असला प्रकार इथे नाही.

मग बदलले काय? १८८३ मध्ये त्या डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे धर्मभगिनींच्या आश्रमात राहिल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा बेत मागे पडला. या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक काम होते: समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना आसरा देणे. आपण जिथे वाढलो तिथे अशा बाईला फक्त शिक्षा आणि हेटाळणी मिळते, इथे कोणी तिच्याशी आपुलकीने वागते, याचे रमाबाईंना नवल वाटले. त्यांनी कारण विचारले, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट त्यांच्यापुढे आली. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची सगळी घडण इथे आहे. ती सिद्धांतापासून सुरू झालेली नाही, एका कामापासून सुरू झालेली आहे. टाकलेल्या बाईकडे देव कसा पाहतो हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून पुढे सिद्धांतावरून कोणाशीही भांडायला त्या कचरल्या नाहीत. त्या कामावर मात्र त्यांनी तडजोड केली नाही.

भांडण लगेचच सुरू झाले. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये वाँटेजला त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचण्यासारखा आहे. त्रैक्याचा सिद्धांत जसाच्या तसा मानायला त्या तयार नव्हत्या. चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे केवळ ते अधिकारी आहेत म्हणून स्वीकारावे, हे त्यांना पटेना. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती मान देण्यात काय अर्थ, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी माघार घेण्याऐवजी प्रश्न केला की जो अधिकार मला माझ्या देशात होता तो इथे का नसावा. ज्या घरात राहायचे, ज्यांचे अन्न खायचे, ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीच हा वाद चालला होता. ‘ख्रिस्ती झाली म्हणजे गोऱ्यांची झाली’ हा पुण्यातला निष्कर्ष किती उथळ होता, हे या पत्रांवरून कळते. जोतीराव फुल्यांना ते तेव्हाच दिसले असावे. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची उघड बाजू घेतली.

आता व्यवहाराकडे वळू, कारण रमाबाईंच्या चरित्रांत त्याला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. या मंडळाने दहा वर्षे पैसे देण्याचे वचन दिले. निरनिराळ्या पंथांचे लोक त्यात होते. एडवर्ड एव्हरेट हेल अध्यक्ष आणि फ्रान्सिस विलर्ड उपाध्यक्षांपैकी एक. एका पंथाच्या मिशनकडून पैसा घेतला असता तर तो लवकर आणि सहज मिळाला असता. रमाबाईंनी तसे केले नाही, कारण मिशनचा पैसा मिशनची आज्ञा घेऊन येतो, हे त्या वाँटेजला शिकल्या होत्या. दहा वर्षांची मुदत ही तर फारच शहाणपणाची गोष्ट. कायमचे आश्वासन कोणी पाळत नाही, पण मुदतीचे बरेच जण पाळतात. आणि मुदत संपल्यावर काय, याचा विचारही आधी झाला होता: १८९० च्या दशकाच्या मध्यात केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली ती फळबागेच्या उत्पन्नावर पुढे संस्था चालावी म्हणून. देवावर भरवसा ठेवणारी ही बाई विहीर कुठे खणायची हेही पाहत होती.

शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई, ज्यांच्याशी १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. सदनात प्रत्येकीला आपला धर्म पाळायची मोकळीक होती, स्वयंपाकात जातीचे नियम सांभाळले जात. मग ऑगस्टमधला तो स्फोट का? इथे रमाबाईंच्या बाजूने लिहिणारे बहुतेक जण ‘केसरी’ चालवणाऱ्या टिळकांच्या कर्मठपणावर सगळे ढकलून मोकळे होतात. ते सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. रानडे आणि भांडारकर कर्मठ नव्हते. त्यांचा आक्षेप असा होता की संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या शब्दावर पालकांनी मुली पाठवल्या. आणि लहान, निराधार, सर्वस्वी एकाच बाईवर अवलंबून असलेल्या मुली तिच्या प्रार्थनेला ‘आपणहून’ येतात, या आपणहून येण्याचे मोल किती धरायचे? हा आक्षेप वजनदार आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शंका निराधार होती असेही म्हणता येत नाही.

रमाबाईंचे उत्तर असे की मी कोणावर सक्ती केलेली नाही, पण माझा धर्म मी लपवून जगणार नाही. हिंदू मुलीला तिची पोथी वाचायची मोकळीक आहे, तशी मला माझी प्रार्थना करायची. या उत्तरातला पहिला भाग वादाचा आहे, दुसरा नाही. शिवाय तटस्थतेचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगळा लावला होता. सल्लागारांच्या लेखी तटस्थता म्हणजे ख्रिस्ती धर्माचे दर्शनही घडू नये. बॉस्टनच्या मंडळाच्या आणि रमाबाईंच्या लेखी, कोणावर काही लादू नये. करार करतानाच हे स्पष्ट करून घेतले नाही, ही दोघांचीही चूक आणि त्याची किंमत मुलींनी मोजली, कारण घरी नेलेल्या मुलींपैकी अनेकींचे शिक्षण तिथेच संपले असणार. इतके मान्य करूनही एक गोष्ट उरते. विधवांच्या शिक्षणाबद्दल तळमळ असणाऱ्या त्या थोर माणसांपैकी कोणी त्या दिवशी दुसरे सदन उघडले नाही. ते काम कर्व्यांनी तीन वर्षांनी सुरू केले, आणि त्यांच्या घरात शारदा सदनात शिकलेली बाई होती.

सुधारक गेले, तरी बॉस्टनच्या मंडळाने हात सोडला नाही. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. लहानपणी दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतक्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावला, त्या फळबागेसाठी घेतलेल्या उघड्या जमिनीवर नेले. मुक्ती सदन असे उभे राहिले. इथे चिकाटी या गोष्टीचे खरे रूप दिसते असे मला वाटते. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, त्यात जातीचे सोवळेओवळे सांभाळले जाई, शिक्षण मुख्यतः पुस्तकी होते. केडगावला आलेल्या मुली सगळ्या जातींच्या, उपाशी, आजारी, काही अत्याचार सोसलेल्या. त्यांच्यासाठी आधीची चौकट निरुपयोगी होती, आणि रमाबाईंनी ती मोडली. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गाई-म्हशी, शेती, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन; वाँटेजच्या भगिनींचे फुलहॅमचे काम जणू पंधरा वर्षांनी दौंडच्या वाटेवर येऊन पोचले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही मुली आल्या. गाव, इमारत, जात, अभ्यासक्रम, आश्रयदाते यांतले काहीही बदलायची रमाबाईंची तयारी होती. ज्या बाईला कोणी नाही ती आपली, एवढेच बदलायचे नव्हते.

केडगावला पहिल्या मुली आल्या त्याच वर्षी, १८९७ मध्ये, त्यांनी सरकारलाही दुखवले. प्लेगच्या बंदोबस्तात बायकांना कशी वागणूक मिळते, आपल्याकडच्या एका मुलीचे काय झाले, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केले. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला, गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. शेकडो मुलींच्या पोटासाठी सरकारी मर्जीची गरज असलेल्या संस्थाचालकाने असे पत्र लिहू नये, असे कोणताही सल्लागार म्हणाला असता. सल्लागार मंडळ नव्हते, हे एका परीने बरेच झाले!

परदेशी पैशावर पोसलेल्या कामाला चिकाटी कसली, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. पैसा परदेशातून आला हे खरे आहे. पण तो मिळवण्यासाठी एका विधवेने अनोळखी देशात दोन वर्षे भाषणे दिली, हेही खरे. महाराष्ट्रातल्या श्रीमंतांकडे पैसा नव्हता असे नाही. विधवांसाठी तो सुटत नव्हता. आणि पैशाबरोबर आलेल्या अपेक्षांपुढे रमाबाई किती झुकल्या हे पाहिले, तर या आक्षेपाचा जोर ओसरतो. अमेरिकेवर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत लिहिलेल्या पुस्तकात त्या देशाची स्तुती पुष्कळ आहे, पण तिथल्या काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे. मिंधा माणूस असे लिहीत नाही.

यापेक्षा कठीण आक्षेप दुसरा आहे, आणि तो ख्रिस्ती वाचकानेही गंभीरपणे घ्यावा. देवाला उत्तर देणारा नेता माणसांना उत्तर देईनासा होण्याचा धोका असतो. ‘देवाने सांगितले’ या वाक्यापुढे कार्यकारी मंडळ काय बोलणार? जगातल्या अनेक धार्मिक संस्था याच वाक्याने बुडाल्या. रमाबाईंच्या बाबतीत १८९८ पर्यंत हा धोका आटोक्यात होता, कारण बॉस्टनचे मंडळ हिशेब मागत होते, वार्षिक अहवाल छापत होते. त्यानंतर चित्र बदलते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त भेटला असे त्या सांगतात. जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली होती. ब्रिस्टलला अनाथालये चालवणाऱ्या म्युलरची पद्धत अशी की पैसा माणसांकडे मागायचा नाही, फक्त प्रार्थनेत मागायचा. केडगावचे काम हळूहळू या वाटेने गेले, उघडपणे ख्रिस्ती झाले, आणि १९०५ मध्ये तिथे जे संजीवन झाले, मुली तासन्‌तास रडत, ओरडत प्रार्थना करत, ते पाहून काही मिशनरीही बावरले. या काळात रमाबाईंना ‘हे नको’ असे सांगू शकेल, असे कोणी उरले होते का? मला ते दिसत नाही. त्यांच्या हातून मोठा अनर्थ झाला नाही याचे श्रेय त्यांच्या स्वभावाला आहे, व्यवस्थेला नाही. त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्या धार्मिक नेत्यांनी पहिल्या दहा वर्षांचे करावे, हे माझे प्रामाणिक मत आहे.

श्रद्धेशिवायही लोक असेच टिकतात, मग श्रद्धेचे कौतुक कशाला, असेही कोणी म्हणेल. कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला, हिंगण्याच्या वाटेवर वर्षानुवर्षे पायपीट केली, शंभरी ओलांडेपर्यंत काम केले. त्यांना असल्या श्रद्धेची गरज पडली नाही. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. तेव्हा चिकाटी ही ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी नाही, आणि तसा दावा करणाऱ्या ख्रिस्ती पुस्तिका वाचून मला नेहमी संकोच वाटतो. पण कर्व्यांना धर्म, जात, भाषा आणि मित्रमंडळ राहिले होते, बहिष्कार सोसावा लागला तरी ते आपल्यातलेच एक होते. फुले दांपत्याला सत्यशोधकांचा समाज होता. रमाबाईंना १८९३ नंतर यातले काहीच उरले नव्हते. हिंदूंच्या लेखी त्या बाटलेल्या, इंग्रज मंडळींच्या लेखी आज्ञा न मानणाऱ्या, सरकारच्या लेखी कटकट करणाऱ्या. अशा माणसाला उभे राहायला जी जमीन लागते ती त्यांच्या बाबतीत श्रद्धेने पुरवली. सगळ्यांच्याच बाबतीत ती तशी पुरवावी लागते असे नाही.

ही चिकाटी नेहमी फळाला आली, असेही समजू नये. आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळ्या पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घातली. त्यासाठी उतारवयात त्या या भाषा शिकल्या. खेड्यातल्या, थोडेफार वाचता येणाऱ्या बाईला कळावे असा त्यांचा हेतू होता. केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापले. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मराठी मंडळ्यांमध्ये मात्र बायबल सोसायटीचीच प्रत वापरात राहिली आणि रमाबाईंचे भाषांतर अभ्यासकांपुरते उरले. एका बाईने एकटीने एवढे काम करावे का, ती वर्षे वाया गेली का, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मापाने द्यावे. ज्या बायकांना खिळे जुळवायला शिकवले गेले, त्यांना तरी वाया गेल्यासारखे वाटले नसावे.

नेत्याची शेवटची परीक्षा त्याच्या मागे काय राहते यात असते, आणि तिथे रमाबाईंचा बेत पूर्ण कोसळला. मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती, शारदा सदन सांभाळत होती, तिनेच पुढे सगळे पाहावे असे ठरलेले. १९२१ च्या जुलैत ती गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या. कुटुंबातले कोणी उरले नाही. संस्था मात्र उरली, कारण पंचवीस वर्षांत तिथे शेती, गोठा, छापखाना, शाळा चालवणाऱ्या बायका तयार झाल्या होत्या. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन दौंड तालुक्यात केडगावला आजही सुरू आहे.